फ्लोरिडाचा करोना डॅशबोर्ड आणि रेबेका जोन्स: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या अंकात आरोग्यखात्यांच्या आकडेवारीबद्दल लिहिताना अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या रेबेका जोन्स प्रकरणाचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर बरीच पत्रे आली. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न होता: बाई खरी की खोटी? उरलेल्या पत्रांनी मात्र आम्हाला कामाला लावले. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: या प्रकरणात नेमके काय घडले ते एकदा क्रमाने सांगाल का? कोणी तिला शूर म्हणतो, कोणी भामटी. वाचणाऱ्याने धरायचे काय?

जोन्स ही भूगोलाची अभ्यासक. फ्लोरिडाच्या आरोग्यखात्यात नकाशे आणि भौगोलिक माहितीचे काम पाहणाऱ्या विभागाची व्यवस्थापक होती. मार्च २०२० मध्ये राज्याचा करोना डॅशबोर्ड, म्हणजे रुग्णांचे आकडे आणि नकाशे दाखवणारे संकेतस्थळ, लोकांसाठी खुला झाला. त्याच्या उभारणीत तिचा मोठा वाटा होता. व्हाइट हाउसच्या करोना समन्वयक डेबोरा बर्क्स यांनीही एप्रिलमध्ये राज्याच्या या संकेतस्थळाची वाखाणणी केली.

४ मे २०२० रोजी राज्याने निर्बंध उठवण्याचा पहिला टप्पा सुरू केला. दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, डॅशबोर्डवरचा तारखांचा एक रकाना काढण्याचा वाद झाला आणि जोन्सकडून डॅशबोर्डचे काम गेले. १८ मे रोजी तिला नोकरीवरून काढल्याचे जाहीर झाले. तिचे म्हणणे, निर्बंध उठवण्याला पाठबळ मिळेल असे आकडे फिरवायला मी नकार दिला म्हणून ही कारवाई. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांच्या कार्यालयाचे म्हणणे, वरिष्ठांना आणि साथरोगतज्ज्ञांना न विचारता ती डॅशबोर्डमध्ये परस्पर बदल करत होती, म्हणून आज्ञाभंगाची कारवाई.

जूनमध्ये तिने स्वतःचा वेगळा डॅशबोर्ड सुरू केला आणि जुलैमध्ये राज्याच्या मानवी संबंध आयोगाकडे सूडाच्या कारवाईची तक्रार केली. १० नोव्हेंबरला राज्याच्या आणीबाणी संदेशयंत्रणेतून सुमारे १,७५० जणांना एक अनधिकृत संदेश गेला. त्याचा माग काढत ७ डिसेंबरला पोलिसांनी टॅलाहासीतील तिच्या घराची झडती घेतली, तीही पिस्तुले रोखून. जानेवारी २०२१ मध्ये तिच्यावर संगणक-गुन्ह्याचा एक आरोप ठेवला गेला. मे २०२१ मध्ये खात्याच्याच महानिरीक्षक कार्यालयाने, म्हणजे अंतर्गत चौकशी करणाऱ्या शाखेने, तिला कायद्याने जागल्याचा (गैरप्रकार उघड करणाऱ्याचा, म्हणजे व्हिसलब्लोअरचा) दर्जा दिला. मे २०२२ मध्ये त्याच कार्यालयाच्या अहवालाने तिचे आरोप सिद्ध होत नाहीत असे म्हटले. डिसेंबर २०२२ मध्ये संगणक-गुन्ह्याचा खटला कराराने मिटला.

यात किमान चार वेगळे प्रश्न एका गाठोड्यात बांधले गेले आहेत: माहिती लपवली गेली का, आकडे खोटे करायला सांगितले गेले का, नोकरीवरून काढणे ही सूडाची कारवाई होती का, आणि यंत्रणेत घुसणारी तीच होती का. यांतल्या एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. दोन्ही बाजूंचे समर्थक मात्र आपल्या सोयीचा एक प्रश्न उचलतात आणि त्याच्या उत्तरावर उरलेले तिन्ही निकालात काढतात. पुढची उत्तरे वाचताना ही गाठ सुटी ठेवावी.

प्रश्न: एक रकाना काढला, एवढ्यावरून इतका गदारोळ का? आणि रकाना लपवणे म्हणजे आकडे बदलणे नव्हे, हे बरोबर ना?

बरोबर. पण रकाना कुठला होता ते आधी पाहू.

फ्लोरिडाच्या रुग्णयादीत प्रत्येक रुग्णामागे दोन तारखा होत्या. एक, राज्याने तो रुग्ण मोजणीत धरला ती तारीख. दुसरी, ‘इव्हेंट डेट’: लक्षणे सुरू झाल्याची तारीख, आणि ती माहीत नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल खात्याला मिळाल्याची तारीख. राज्याने पहिले रुग्ण १ मार्च २०२० रोजी जाहीर केले होते. या दुसऱ्या रकान्यात मात्र जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा असलेल्या नोंदी होत्या. वृत्तपत्रांनी त्या शोधून प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास रकाना काढण्याचा आदेश आला.

पुढे उघड झालेल्या ईमेलांत हा आदेश स्पष्ट दिसतो: डॅशबोर्डवरून माहिती उतरवून घेण्याची सोय बंद करा, आणि तारखा राज्याच्या पीडीएफ यादीतल्या तारखांशी जुळल्या पाहिजेत. जोन्सने हा निर्णय चुकीचा असल्याचे लिहून कळवले, आदेश पाळला, आणि थोड्याच काळात रकाना परत आला. म्हणजे रकाना गेला होता याबद्दल वादच नाही. वाद आहे तो हेतूचा.

तांत्रिक बाजू अशी. डॅशबोर्ड एस्री कंपनीच्या आर्कजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीवर होता. या प्रणालीत दिसणाऱ्या नकाशामागे ओळी-रकान्यांचा तक्ता असतो, त्याला फीचर लेयर म्हणतात. मूळ लेयरवरून जनतेसाठी वेगळा ‘व्ह्यू’ बनवता येतो. त्यात कोणता रकाना दिसेल आणि कोणता नाही, हे नुसत्या खुणा करून ठरते. लेयरच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्टची परवानगी काढली की तक्त्याची सीएसव्ही फाइल उतरवण्याची सोय जाते. दोन्ही कामे काही मिनिटांची, आणि मूळ तक्त्यातला एक अंकही न बदलता होणारी. रुग्णांच्या मूळ नोंदी तर याहून मागे, ‘मर्लिन’ या राज्याच्या रोगनोंद प्रणालीत होत्या. डॅशबोर्डवर येत होती ती तिथली निवडक प्रत. म्हणून डॅशबोर्डच्या व्यवस्थापकाने काही केले किंवा केले नाही, तरी मर्लिनमधला रुग्ण नाहीसा होत नाही. ‘तिला मृत्यू पुसायला लावले’ असे जे सरसकट सांगितले जाते ते इथेच अडते.

तरीही ‘मूळ नोंद शाबूत होती ना, मग झाले’ हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. सार्वजनिक माहितीत ‘कोणता रकाना दिसतो’ हाही निर्णयच असतो. पत्रकारांचे प्रश्न येत असतानाच, कारणाची टीप न टाकता, रकाना नाहीसा होणे हे वाईट कामकाज आहे, हेतू काहीही असो.

आता त्या जानेवारीच्या तारखांबद्दल. त्यावरून विषाणू जानेवारीतच फ्लोरिडात पसरला होता असे सिद्ध होत नाही. रुग्णाची चाचणी मार्चमध्ये झाली आणि ‘त्रास कधीपासून’ या प्रश्नाला त्याने जानेवारीतला खोकला सांगितला, तर तीच तारीख नोंदली जाते. तो खोकला साध्या सर्दीचाही असू शकतो. महिना टंकताना चूक होऊ शकते. अशा नोंदी एकेक काढून रुग्णाशी पुन्हा बोलणे, प्रवासाची आणि संपर्काची चौकशी करणे हाच उपाय असतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. लक्षणांच्या तारखेनुसार काढलेल्या आलेखाचे उजवे टोक नेहमी उतरते दिसते. आज आजारी पडलेल्याची चाचणी, अहवाल आणि नोंद व्हायला दिवस लागतात, त्यामुळे शेवटचे एक-दोन आठवडे कायम अपुरे असतात. साथ चढत असतानाही टोक घसरलेले दिसते. म्हणजे जोन्सने ज्या रकान्यासाठी भांडण केले, तोच रकाना बेफिकिरीने वापरला तर साथ ओसरल्याचा खोटा दिलासा देतो. अशा आलेखाचे शेवटचे १४ दिवस फिकट रंगात दाखवावेत किंवा धरूच नयेत.

प्रश्न: मी सांख्यिकी शिकवतो. ग्रामीण काउंट्यांचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) पॉझिटिव्हिटीचे, म्हणजे तपासलेल्यांत बाधित किती याचे, प्रमाण बदलायला सांगितले, हा तिचा मुख्य आरोप असल्याचे वाचले. भागाकारात फेरफार करायला वाव असतो तरी किती?

पुष्कळ असतो, आणि तोही एकही आकडा खोटा न लिहिता.

एक काल्पनिक काउंटी घ्या. दोन आठवड्यांत ६०० माणसांची चाचणी झाली, त्यांतली ६० बाधित निघाली. शिवाय याच ६०० पैकी काहींच्या पुन्हा चाचण्या झाल्या: २०० निगेटिव्ह (शुश्रूषागृहांतले कर्मचारी दर आठवड्याला तपासले जातात) आणि २० पुन्हा पॉझिटिव्ह (बरे झालो का हे पाहणारे). आता प्रमाण किती?

माणसांना माणसांनी भागले तर ६० भागिले ६००, म्हणजे १० टक्के. चाचण्यांना चाचण्यांनी भागले तर ८० भागिले ८२०, म्हणजे ९.८ टक्के. वर फक्त नवे बाधित घेतले आणि खाली पुन्हापुन्हा येणाऱ्या निगेटिव्ह चाचण्या ठेवल्या, तर ६० भागिले ८००, म्हणजे ७.५ टक्के. तिन्ही पद्धती वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्यक्ष वापरल्या गेल्या आहेत आणि तिन्हींचे समर्थन करता येते. निर्बंध उठवण्याची अट ‘८ टक्क्यांच्या आत’ अशी असती, तर सूत्र निवडणाऱ्यानेच निकाल लावला असता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवलेला निकष सलग १४ दिवस ५ टक्क्यांच्या खाली असा होता, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

छोट्या काउंट्यांत दुसरी अडचण येते. आठवड्याला ४० चाचण्या होत असतील तर एकेक रुग्ण प्रमाण अडीच टक्क्यांनी हलवतो. एका घरातले चौघे बाधित निघाले की प्रमाण ० वरून १० टक्के. तुरुंगात किंवा शुश्रूषागृहात एकदम रुग्ण निघाले तर सगळ्या काउंटीचे चित्र विस्कटते, म्हणून काही जण संस्थांतले रुग्ण वेगळे काढतात. ते वाजवी असू शकते, पण मग भागाकाराच्या खालच्या बाजूनेही संस्थांतल्या चाचण्या वगळल्या पाहिजेत. वरून काढल्या आणि खाली तशाच ठेवल्या, तर मात्र ती लबाडी.

तिसरा दोष हाताळणीचा नसून पुरवठ्याचा. जुलै २०२० मध्ये फ्लोरिडाच्याच अहवालात कित्येक प्रयोगशाळांचे प्रमाण १०० टक्के दिसत होते, कारण निगेटिव्ह अहवाल राज्याकडे पोचतच नव्हते. एका मोठ्या रुग्णालय-समूहाच्या नावापुढे ९८ टक्के छापले होते. समूहाने स्वतःचा खरा आकडा ९.४ टक्के असल्याचे सांगितले. लक्षात घ्या, ही चूक राज्य सरकारला गैरसोयीच्या दिशेने होती. प्रत्येक विचित्र आकड्यामागे कारस्थान नसते.

फेरफार ओळखायचा कसा? सूत्र आधी ठरवून, छापून, मग सगळीकडे सारखे लावले असेल तर तो धोरणाचा निर्णय, पटो न पटो. निकाल पाहून सूत्र बदलले, काही काउंट्यांनाच लावले, किंवा बदलाची तारीख लिहिली नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. जोन्सचा आरोप दुसऱ्या प्रकारचा होता. मात्र जनतेसमोर आलेल्या ईमेलांत रकाना काढण्याचा आदेश आहे, प्रमाण बदला असा लेखी आदेश नाही. सगळा फरक तिथे पडला.

प्रश्न: तिच्या खासगी डॅशबोर्डवरचे आकडे सरकारी आकड्यांहून वेगळे होते. मग चूक कोणाची?

कोणाचीही असेलच असे नाही. तिने बहुतांशी राज्याचीच खुली माहिती घेऊन बेरीज वेगळी मांडली होती. उदाहरणार्थ, फ्लोरिडात येऊन आजारी पडलेला किंवा दगावलेला परगावचा माणूस फ्लोरिडाच्या खात्यात धरायचा की त्याच्या राहत्या राज्याच्या? राज्य अशा नोंदी वेगळ्या दाखवत असे. दोन बेरजा ताडताना आधी व्याख्या जुळवाव्यात, मग आकडे.

प्रश्न: २०२१ मध्ये तिला जागल्याचा दर्जा दिला आणि २०२२ मध्ये आरोप फेटाळले, तेही एकाच कार्यालयाने. हा विरोधाभास नाही का?

नाही. दर्जा चौकशीच्या दारात मिळतो, निकाल चौकशीच्या शेवटी लागतो.

फ्लोरिडाच्या कायद्याचे कलम ११२.३१८७ सरकारी कर्मचाऱ्याला संरक्षण देते. त्यासाठी तक्रार कायद्याचे उल्लंघन होऊन जनतेच्या आरोग्याला किंवा सुरक्षेला ठोस धोका निर्माण झाल्याची, किंवा गंभीर गैरकारभाराची असावी लागते. ती लेखी आणि सही केलेली असावी, आणि कायद्याने नेमलेल्या जागी जावी: महानिरीक्षक, मानवी संबंध आयोग, किंवा त्यासाठीची हॉटलाइन. राज्याच्या कर्मचाऱ्यावर सूडाची कारवाई झाली असेल तर आयोगाकडे जाण्याची मुदत ६० दिवसांची. जोन्सची नोकरी मेमध्ये गेली आणि तक्रार जुलैच्या मध्यात, मुदतीत, दाखल झाली. वर्तमानपत्राला दिलेली मुलाखत मात्र या यादीत नाही. केवळ पत्रकारांकडे गेलेल्या माणसाला या कलमाचे छत्र मिळत नाही, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

तक्रारीतली माहिती खरी मानली तर उल्लंघनाचा वाजवी संशय येतो का, एवढेच पहिल्या पायरीवर पाहतात. मे २०२१ चे पत्र या पायरीचे होते. समाजमाध्यमांवर ते ‘सरकारनेच मान्य केले’ म्हणून फिरले. ते चूक होते.

२०२२ च्या अहवालाने आकडे खोटे करायला सांगितल्याच्या आरोपाला पुरेसा पुरावा नाही असे म्हटले, आणि माहिती काढून टाकल्याच्या मुद्द्यावर अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. अहवालातला एक युक्तिवाद वजनदार आहे. डॅशबोर्डवरचे आकडे बदलले असते तर ते खात्याच्या रोजच्या अंतिम अहवालाशी जुळले नसते, आणि ती तफावत साथरोग विभागाला, काउंटी कार्यालयांना, पत्रकारांना आणि लोकांनाही दिसली असती. दोन स्वतंत्र वाटांनी तोच आकडा बाहेर येत असेल, तर एका वाटेवरची छेडछाड लपत नाही.

हा युक्तिवाद कुठवर पोचतो तेही पाहावे. सूत्रच बदलले आणि दोन्ही वाटांना तेच लावले, तर तफावत दिसणार नाही. शिवाय फ्लोरिडात खात्यांचे महानिरीक्षक गव्हर्नरांच्या कार्यालयातील मुख्य महानिरीक्षकांच्या अधिकाराखाली येतात, आणि येथे आरोपाचा रोख गव्हर्नरांच्या धोरणाकडेच होता. त्यामुळे अहवाल खोटा ठरत नाही, पण बाहेरच्या संस्थेने चौकशी केली असती तर निष्कर्षाचे वजन वाढले असते. आमच्या मते आजच्या पुराव्यावर एवढेच म्हणता येते: रकाना काढला गेला, त्यावर तिचा आक्षेप व्यावसायिकदृष्ट्या योग्य होता, आणि आकडे खोटे करायला लावल्याचा मोठा आरोप तिला सिद्ध करता आला नाही.

प्रश्न: तो आणीबाणी संदेश तिनेच पाठवला हे कसे ठरवले? आयपी पत्त्यावरून माणूस सापडतो का?

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेट-जोडणीला दिलेला क्रमांक. त्यावरून जोडणी सापडते, माणूस नाही. यंत्रणेच्या नोंदवहीत कोणत्या क्षणी कोणत्या पत्त्यावरून प्रवेश झाला ते असते. तो पत्ता त्या क्षणी कोणत्या ग्राहकाला दिला होता, हे इंटरनेट कंपनीकडून कायदेशीर मागणी करून काढतात. इथे नेहमी होणारी चूक वेळेची: नोंदवही जागतिक प्रमाणवेळेत आणि कंपनीची नोंद स्थानिक वेळेत असेल, तर काही तासांच्या फरकाने भलत्याच घराचे दार वाजते. घर बरोबर निघाले तरी कळफलकावर कोण होते हे उपकरणांच्या तपासणीशिवाय ठरत नाही. म्हणूनच झडतीत संगणक आणि फोन उचलले गेले.

संदेशात, आणखी १७,००० लोक मरण्याआधी बोला, अशा आशयाचे आवाहन होते. जोन्सने तो पाठवल्याचे नाकारले. तपासाच्या शपथपत्रातच एक गोष्ट लिहिलेली होती, जी वाचून कोणत्याही संगणक-व्यवस्थापकाने कपाळाला हात लावावा: त्या गटातले सगळे वापरकर्ते एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरत. शिवाय ते नाव-पासवर्ड खात्याच्या काही कागदपत्रांत संकेतस्थळावर उघडे पडलेले आढळले. सामायिक खात्याची नोंदवही कोण आत आले हे सांगत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की प्रत्येकाचा पासवर्ड बदलावा लागतो, म्हणून कोणीच बदलत नाही.

मात्र दार उघडे होते म्हणून आत जाण्याचा हक्क मिळत नाही. सेवेतून गेलेल्याचा अधिकार संपतो, पासवर्ड चालू असला तरी. त्या यंत्रणेतून सुमारे १९,००० जणांची संपर्कमाहिती उतरवून घेतल्याचाही तपासयंत्रणेचा दावा होता. डिसेंबर २०२२ च्या करारात तिने दोष मान्य केला, तपासखर्चापोटी २०,००० डॉलर आणि १५० तास समाजसेवा कबूल केली, आणि त्या बदल्यात अटी पाळल्यास आरोप मागे घेण्याचे ठरले. हा करार यंत्रणेत शिरण्यापुरता आहे. मे महिन्यातल्या रकान्याबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट दिशेनेही तेच: रकान्याबाबत ती बरोबर होती म्हणून नोव्हेंबरमधले काम माफ होत नाही.

प्रश्न: लसविरोधी मंडळी ‘सीडीसी व्हिसलब्लोअर’चा दाखला देतात. ते प्रकरण असेच आहे का?

वेगळे आहे, पण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, शास्त्रज्ञांचा २००४ चा एक अभ्यास अटलांटा परिसरातल्या मुलांवर होता: स्वमग्नता (ऑटिझम) असलेली ६२४ मुले आणि तुलनेसाठी १,८२४. गोवर-गालगुंड-रुबेला लस घेतल्याच्या वयाचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. सहलेखक विल्यम थॉम्पसन यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये वकिलांमार्फत निवेदन दिले, की वयाच्या ३६ महिन्यांच्या आत लस घेतलेल्या आफ्रिकन-अमेरिकन मुलग्यांबाबतची सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय माहिती लेखातून वगळली गेली. त्याच निवेदनात त्यांनी हेही म्हटले, की कोणत्याही वंशाच्या पालकांना लस टाळा असे मी कधीच सुचवणार नाही. हा दुसरा भाग बहुधा कापून फिरवला जातो.

त्या माहितीवर ब्रायन हूकर यांनी केलेले फेरविश्लेषण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियतकालिकाने मागे घेतले. जाहीर न केलेले हितसंबंध आणि पद्धतीबद्दलच्या शंका अशी दोन कारणे होती. आधीच आजारी आणि निरोगी अशी निवडून घेतलेली मुले असलेल्या अभ्यासाला, सगळ्या मुलांचा पाठपुरावा केल्यासारखे वागवले गेले. शिवाय एका छोट्या उपगटातला फरक उचलला. वंश, लिंग आणि वय यांनुसार पुरेसे तुकडे पाडले की कुठल्यातरी तुकड्यात योगायोगाने फरक दिसतोच.

मूळ लेखात लसीच्या वयातला फरक लपवलेलाही नव्हता. वयाच्या ३६ महिन्यांच्या आत लस घेतलेली मुले स्वमग्न गटात ९३.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ९०.६ टक्के, असे लेखातच छापले होते. स्वमग्न मुलांना विशेष बालवर्गात प्रवेशासाठी लसीकरण आवश्यक असे, म्हणून ती वेळेत टोचली जात, हे त्याचे स्पष्टीकरण. निदान आधी, लस नंतर: कारण-परिणामाची दिशाच उलटी.

प्रश्न: मी आरोग्याच्या आकडेवारीचे काम करते. उद्या मला ‘हा रकाना आजच्या आज काढा’ असे तोंडी सांगितले तर मी काय करावे?

आधी लेखी करून घ्या. समोरचा लिहून देत नसेल तर तुम्हीच त्याच दिवशी ईमेल पाठवा: ‘आपण आज दुपारी सांगितल्याप्रमाणे अमुक रकाना जनतेच्या प्रतीतून काढत आहे. कारण आणि मुदत कळवावी.’ उत्तर आले नाही तरी नोंद झाली. सूर साधा ठेवा, आरोप नको.

काढण्यापूर्वी जनतेला त्या क्षणी दिसणाऱ्या माहितीची प्रत कार्यालयाच्याच ठिकाणी ठेवा. फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ठसा, काढून तो ईमेलमध्ये लिहा. पुढे कोणी फाइल बदलली म्हणाले तर हॅश जुळवून दाखवता येतो. ओळींची आणि रकान्यांची संख्या, दोन-तीन महत्त्वाच्या बेरजा आणि वेळ, एवढे टिपले तरी पुरते. नुसता स्क्रीनशॉट कमकुवत, कारण त्यात मागचा तक्ता येत नाही. आर्कजीआयएसवर काम असेल तर एक लक्षात ठेवा: एक्स्पोर्ट बंद केले तरी लेयरवर प्रश्न विचारण्याची सोय चालू असेल, तर बाहेरचा माणूस एका वेळी हजार-दोन हजार नोंदी अशा टप्प्यांनी तक्ता ओढू शकतो. खासगीपणाच्या कारणाने रकाना काढायचा असेल तर तो व्ह्यूमधूनच काढावा लागेल, हे वरिष्ठांनाही सांगा.

खासगीपणाचे कारण खोटेच असते असे समजू नका. छोटे गाव, वय, लिंग आणि अचूक तारीख एकत्र आली की माणूस ओळखू येतो. तेव्हा पर्याय सुचवा: तारखेऐवजी आठवडा, वयाऐवजी दहा वर्षांचा गट, पाचपेक्षा कमी रुग्ण असलेल्या चौकटीत आकड्याऐवजी ‘५ पेक्षा कमी’. पर्याय मान्य झाला तर भांडण तिथेच मिटते. अमान्य झाला आणि कारणही मिळाले नाही, तर ते तुमच्या नोंदीत येते.

काय करू नये ते अधिक महत्त्वाचे. रुग्णांची नावे-पत्ते असलेली फाइल घरी नेऊ नका, स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. अमेरिकेचा आरोग्यमाहितीचा खासगीपणा-नियम, हिपा, जिथे लागू होतो तिथे कर्मचाऱ्याला गैरप्रकार उघड करण्यासाठी अशी माहिती देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला किंवा स्वतःच्या वकिलाला देण्याची मुभा ठेवतो. पत्रकाराला देण्याची नाही. तक्रार करायची तर मुदत आणि पत्ता पहिल्या आठवड्यातच शोधा. तक्रारीत स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि अंदाज हे तीन भाग वेगळे लिहा. पहिल्या भागात नसलेली गोष्ट समाजमाध्यमावर पहिल्या भागातली म्हणून सांगितली, की प्रतिपक्ष तेवढ्यावरच बोट ठेवतो.

नोकरी सुटली तर त्याच दिवशी सामायिक खात्यांची यादी देऊन ‘यांचे पासवर्ड बदलावेत’ असे लेखी कळवा, आणि पोच घ्या.